घरत बाईंचा दमणारा राक्षस

घरत बाईंच्या गोष्टीतला राक्षस एका शनिवारी भरलेलं गलबत खांद्यावर घेऊन खाडी ओलांडायचा, आणि पुढच्या शनिवारी त्याला देवळाचं साधं दार लोटता यायचं नाही. या एका कारणावरून आमच्या हायस्कूलच्या ग्रंथालयात जेवढी भांडणं झाली, तेवढी जादा तासांवरूनही झाली नसतील. भांडणारे नेहमी मुकादम सर. ऐकून घेणाऱ्या, आणि ऐकून घेतल्यावर आपल्याला हवं तेच करणाऱ्या, घरत बाई.

बाई आमच्याकडे शारीरिक शिक्षण शिकवायच्या आणि मी ग्रंथपाल. शाळा बोर्ली पंचतनच्या बाजारापासून जरा आडबाजूला, मागे सुपारीच्या वाड्या, पुढे मैदान. बाई मूळच्या वर पेणकडच्या, मिठागरवाल्या घरातल्या. नोकरीमुळे इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. यजमान लवकर गेले, मुलगा नव्या मुंबईत नोकरीला. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. पाठ टेकायची सोय असलेल्या खुर्चीत त्या कधी बसायच्या नाहीत, स्टुलावर ताठ बसायच्या. पर्समध्ये एका डबीत माहेरचं जाडं मीठ असायचं. पुडीतल्या मिठाला त्या मीठच मानत नसत आणि डबा खाताना कुणाच्याही भाजीवर न विचारता आपली चिमूट सोडायच्या. भाजी खारट झाली तर दोष भाजीचा.

आणखी एक लकब होती. काही काम सांगितलं तर त्या 'हो' म्हणायच्या नाहीत आणि 'नाही'ही म्हणायच्या नाहीत. "अंगाला विचारून सांगते," म्हणायच्या. मुख्याध्यापकांनाही हेच उत्तर. मैदानावर त्यांची भाषा अगदी पुस्तकी, 'सावधान' आणि 'विश्राम' गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जायचं. पण गोष्ट सांगायला किंवा आमच्याशी बोलायला बसल्या की पेणची बोली आपोआप बाहेर यायची.

त्या गोष्टीचा खेळ त्यांच्या मुलामुळे शाळेत आला. तो आणि त्याचे मित्र सुट्टीच्या दिवशी असले खेळ खेळायचे. एकदा तो आपला खोका आईकडे विसरून गेला. खोक्यात नाना तऱ्हेचे फासे, त्यात एक वीस तोंडांचा, आणि नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. बाईंनी पुस्तकाची पहिली काही पानं वाचली. "येवढे नियम पाळायचे तर शाळाच काय वाईट हाय?" असं म्हणून ते मिटलं आणि फासे तेवढे उचलले. खेळ तसा सोपा. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि अडचण आली की माझं पात्र आता अमुक करतं, असं म्हणायचं. जमलं की फसलं ते फासा सांगणार, आकडा जितका मोठा तितकं बरं. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली की आम्ही ग्रंथालयात जमायचो. गोष्ट सांगणार बाई, खेळणारे आम्ही तिघं: गणिताचे मुकादम सर, कार्यालयातले तांबेभाऊ आणि मी.

मुकादम सरांनी घेतला होता लोखंड्या, हातानं सळई वाकवणारा लोहार. तांबेभाऊंचा बोका नावाचा चोर. माझी झाडपाला देणारी वैदीण. आणि आमच्या विरुद्ध खांडासुर. खारजमिनीचा बांध भरतीच्या पाण्यानं फुटला की त्याला बाईंच्या गावाकडे खांड पडली म्हणतात. ती खांड पाडणारा तो खांडासुर. हा सगळा कारखाना बाईंच्या डोक्यातला. त्यात उडते घोडे होते, बोलणारी खेकडी होती, पण चालायचं सगळं मिठागरांत आणि खाडीत.

मुकादम सरांना उडत्या घोड्यांचं काही नव्हतं. त्यांचा आक्षेप एकच.

"बाई, गेल्या शनिवारी ह्यानं गलबत उचललं," ते म्हणायचे. "आज बोक्यानं नुसता धक्का दिला आणि हा चिखलात बसला. ह्याचं बळ आहे तरी किती?"

"आज न्हाय त्याच्यात," बाई म्हणायच्या.

"नाही म्हणजे? गेलं कुठं?"

"जाणार कुठं? दमलाय. तुमी न्हाय का दमत?"

"मी माणूस आहे. तो राक्षस आहे."

"मग राक्षसानं दमू नये असं तुमच्या गणितात हाय का?"

लोखंड्याचीही तीच गत. ऐन लढाईत बाई शांतपणे सांगायच्या, "सर, तुमच्या लोखंड्याचा हात आज वर जात न्हाय." मुकादम सर तांबडेलाल. फाशावर वीस पडलेले असायचे आणि हात वर जात नसायचा. मग लोखंड्याला बाजूला बसवून माझ्या मरतुकड्या वैदिणीनं पुढं व्हायचं आणि तिच्याकडून नको तो पराक्रम व्हायचा. सर म्हणायचे ह्यात इन्साफ नाही. तांबेभाऊ म्हणायचे मजा आहे. मी दोघांना चहा द्यायचे.

एकदा बाईंनी त्यांना समजावून सांगितलं, म्हणजे त्यांच्या मानानं बरंच सांगितलं. त्यांच्या गावात खांड पडली की सगळा गाव बांधावर जायचा. माणसं रांगेनं उभी राहायची आणि चिखलाची ढेकळं हातोहात पुढं जायची. ज्याचे हात गळाले तो गुमान रांगेतून बाहेर येऊन बांधावर बसायचा. शेजारचे दोघं जरा सरकून त्याची जागा बुजवायचे. बसलेल्याला कुणी काही विचारायचं नाही. काही वेळानं तो उठून पुन्हा रांगेत घुसायचा, तेव्हाही नाही. "माजा बाप गावात सगळ्यात बळाचा," बाई म्हणाल्या, "आन सगळ्यात आदी तोच बसायचा. म्हून तो दुबळा झाला व्हय?"

सरांनी मान हलवली, पण त्यांना काही ते पटलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी आलेखाच्या कागदावर एक सुबक तक्ता केला. प्रत्येक पात्राचं बळ, वेग आणि बुद्धी, कायमची ठरवून. बाईंनी तक्ता पाहिला, "झ्याक काढलाय" म्हणाल्या आणि जूनपासून तंतोतंत त्याबरहुकूम गोष्ट सांगू लागल्या. एकदाही इकडचं तिकडे केलं नाही. परिणाम असा झाला की लोखंड्या खांडासुरासमोर उभा राहिला रे राहिला की निकाल सगळ्यांना ठाऊक. माझी वैदीण कधी पुढं आली नाही, कारण तिच्या बळात पुढं येण्यासारखं काही नव्हतं. तांबेभाऊंकडे दर शनिवारी पाहुणे येऊ लागले. शेवटी मुकादम सरांनीच तक्ता उचलून कपाटावर टाकला. "हे बरोबर आहे," ते म्हणाले, "पण ह्यात राम नाही." मुकादम सरांच्या तोंडून हे ऐकून तांबेभाऊ हसले, तसे सरही हसले. पुढच्या शनिवारी खांडासुराला ताप आला होता.

बाईंचं दुखणं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. मला आठवतो तो त्यांचा अंबाडा. दुपारी डबा खाऊन झाला की त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. "शुभा, जरा आकडा लाव गो. हात वर न्हेववत न्हाय." मला वाटलं खांदा आखडला असेल, आमच्या वयाच्या निम्म्या बायकांचे खांदे आखडलेलेच असतात. मग त्या भाकरी आमटीत बुडवून मऊ करून खाऊ लागल्या, आणि तीही अर्धीच. मग दुपारच्या तासाला वर्गाचा जिना चढताना मध्ये थांबू लागल्या. एकदा तालुक्याच्या कबड्डीच्या सामन्यात उन्हं उतरताना त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि नुसती हवा बाहेर आली. प्रेक्षक हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाईंनी शिपायांबरोबर व्हॉलीबॉलचा खांब खड्ड्यात उभा केला, सगळ्या शाळेच्या देखत.

त्या खांबानंच घात केला. सकाळी खांब उचलणारी बाई दुपारी जिना चढू शकत नाही, हे कुणाला खरं वाटणार? शिक्षकांच्या खोलीत 'सोयीचं दुखणं' असा शब्द निघाला आणि तो टिकला. नाटकी, असंही कुणीतरी म्हणालं. बाईंनी बैठ्या कामासाठी अर्ज दिला तेव्हा संस्थेच्या सचिवांपर्यंत हे सगळं पोचलेलं होतं. त्यांनी डॉक्टरांचा दाखला मागितला.

डॉक्टरांकडे मी बाईंबरोबर गेले आहे. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा. बाई आदल्या रात्री लवकर निजायच्या, पहाटे न्हायच्या, इस्त्रीची साडी नेसायच्या आणि पहिला नंबर लावायच्या. मी म्हटलं, जरा साधं तरी जावं. तर म्हणाल्या, "डॉक्टरासमोर काय मेल्यावानी जायाचं?" डॉक्टर म्हणाले हात वर करा, हात झटकन वर. म्हणाले माझी बोटं दाबा. त्यांनी अशी दाबली की डॉक्टर ओरडायचे राहिले. रक्त, लघवी, सगळं ठीक. प्रत्येक वेळी शक्तीच्या गोळ्या आणि मन रमवण्याचा सल्ला. बाईंचं मन आमच्यात सगळ्यात जास्त रमलेलं होतं.

दाखला काही मिळाला नाही आणि संस्थेनं चौकशी समिती नेमली. अध्यक्ष, सचिव आणि शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मुकादम सर. बाई काम टाळतात असं ठरलं तर सक्तीची निवृत्ती, एवढं स्पष्ट नोटिशीत होतं. एकट्या बाईला नोकरी जाणं परवडणारं नव्हतं हे खरंच. पण मी त्यांना रोज जवळून बघत होते. त्यांना त्याहून जास्त लागलं होतं ते 'नाटकी' हे नाव. आयुष्यभर पोरांना 'अंगचोरपणा करू नका' म्हणून सांगणाऱ्या बाईला अंगचोर म्हटलं गेलं होतं.

बैठक सकाळी अकराला होती. बाई मला म्हणाल्या, "सकालचीच हाय. बरं झालं, नीट बोलता येईल." आपण ठणठणीत दिसलो तर आपलंच नुकसान आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण चार माणसांसमोर जायचं ते ताठ, याच्यापुढं त्यांचं डोकं चालत नव्हतं.

शाळेचं वेळापत्रक मुकादम सर करायचे. समितीपुढच्या तक्रारी त्यांच्या हातात आल्या तेव्हा ते त्या घेऊन ग्रंथालयात आले आणि तांबेभाऊंना म्हणाले, "नावं सोडा. तास बघा." जिना, शिट्टी, मैदानावर खाली बसणं, हजेरी घेताना आवाज बसणं, एकूण एक तक्रार मधल्या सुट्टीनंतरच्या तासांची होती. सकाळची एकही नाही. सरांनी सगळे कागद पुन्हा फाइलीत घातले. मग सरळ सचिवांना भेटायला गेले. तांबेभाऊ फाइल घेऊन बरोबर होते, त्यांनीच मला नंतर सांगितलं.

सचिव म्हणाले, "सर, एक तर बाई धडधाकट आहेत, नाही तर आजारी आहेत. दोन्ही कसं असेल?"

"साहेब, मीही त्यांना वर्षानुवर्षं हेच विचारत आलो," मुकादम सर म्हणाले. "प्रश्नच चुकीचा आहे. बैठक दुपारी चारला ठेवा."

"त्यानं काय होणार?"

"बघालच. आणि त्या दिवशी बाईंना सगळे तास घेऊ द्या. मी तसं वेळापत्रक लावतो."

वेळापत्रक फळ्यावर लागलं. बाईंनी ते पाहिलं आणि त्या तडक माझ्या टेबलापाशी बसलेल्या सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुमी मला दिवसभर दमवून मग त्या लोकांसमोर नेऊन उभी करणार?"

"हो," सर म्हणाले.

"माझी शोभा व्हावी म्हणून?"

"त्यांना दिसल्याशिवाय ते मानणार नाहीत, बाई."

बाई निघून गेल्या. त्या दिवशी त्या रजा टाकतील असं मला वाटलं होतं. टाकली नाही. सगळे तास घेतले, आणि मला तर वाटतं मुद्दाम जोर लावून घेतले.

चार वाजता मी सोबत म्हणून आत गेले. अध्यक्ष सुपारीच्या बागांचे मालक, मोठा माणूस, स्वभावानं वाईट नव्हे. त्यांनी बाईंना काय होतंय ते सांगायला सांगितलं. बाईंनी सुरुवात चांगली केली, पण बोलता बोलता आवाज नाकातून येऊ लागला, शब्द एकमेकांत मिसळले, आणि एका वाक्याच्या मध्येच त्या थांबल्या. मुकादम सर म्हणाले, "बाई, हात समोर धरा." त्यांनी धरले. ते हळूहळू खाली आले. बाईंनी पुन्हा उचलले, ते पुन्हा आले. मग पापण्या मिटू लागल्या. झोप आल्यासारख्या नव्हे. त्या उघड्या ठेवण्यासाठी बाई कपाळाला आठ्या घालत होत्या आणि तरी त्या मिटत होत्या. हनुवटी त्यांनी हातानं धरली. सचिव कागदांकडे बघत राहिले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. अध्यक्षांनी उठून बाईंच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि त्यातलं पाणी त्यांना गिळता येईना तेव्हा स्वतःच तो परत घेतला.

पुढचं सगळं रीतसर झालं. समितीनंच त्यांना मुंबईच्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि त्यांनी दिवस कलल्यावर तपासून लगेच नाव सांगितलं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. वापरले की स्नायू गळतात, विसावले की पुन्हा चालतात. बरा होणारा नव्हे, पण गोळ्यांनी आवाक्यात राहणारा आजार. बाईंना माझ्या ग्रंथालयात बैठं काम मिळालं. स्टूल गेलं, पाठीची खुर्ची आली. 'सोयीचं दुखणं' म्हणणारे आता त्यांच्यासाठी दार उघडून धरू लागले.

बाईंनी मुकादम सरांना माफ केलं नाही. शनिवारचा खेळ बंदच झाला. सर दारात दिसले की बाई पुस्तकात मान घालायच्या. मी एकदा म्हटलं, अहो, त्यांच्यामुळे नोकरी राहिली. तर म्हणाल्या, "राहिली ना. पन चार मानसांनी मला पडताना बघितलं." दुसऱ्या एका दिवशी मी विचारलं, तुमचा राक्षस तुमच्या दुखण्यामुळेच दमायचा का? "न्हाय गो," त्या म्हणाल्या, "राक्षस आदीचा, दुखणं मागनं. बांधावर कुनी इचारत नव्हतं. हितं समिती लागली."

इकडे सर मला म्हणायचे, "माफी मागणार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा चारलाच ठेवीन. पण त्यांनी एकदा माझ्यावर ओरडावं तरी." मी हा निरोप पोचवला नाही. असल्या निरोपांत तिसऱ्या माणसानं पडू नये असं माझं मत आहे.

निवृत्तीनंतर बाई पेणकडे गावी गेल्या, मुलानं तिथंच घर बांधलं. फोन करायच्या तो सकाळीच, आवाज खणखणीत. मला बोलवायच्या तेही ठरलेलं: पहिल्या गाडीनं ये, जेव, आणि बाराच्या आत निघ. मी तशीच जाऊन यायचे. दुपारच्या घरत बाई मी त्या समितीनंतर पाहिल्याच नव्हत्या. मुलाचे मित्र, शेजारीपाजारी, कुणीच पाहिल्या नसाव्यात.

गेल्या थंडीत त्यांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि त्या म्हणाल्या, "मुकादम सरांना घेऊन ये. आन सकाळी नको. तिसऱ्या प्रहरी या."

सरांना मी सांगितलं तेव्हा ते 'बरं' एवढंच म्हणाले. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं पडवीत आली होती. बाई भिंतीला टेकून जाजमावर बसल्या होत्या, हनुवटी डाव्या हाताच्या तळव्यात, दोन्ही डोळे मिटलेले. केस मोकळे होते. सून मला हळूच म्हणाली, "गोळीची वेळ कधीच झाली. घेतच न्हाईत. पावणे येऊ दे, हाय तशी बगू दे बोल्तात." सरांसाठी तिनं खुर्ची आणली. सरांनी ती बाजूला केली आणि कसेबसे गुडघे मोडून ते बाईंच्या समोर खाली बसले.

"बाई, मी आलोय," ते म्हणाले.

बाईंनी उजवा हात उचलला, तो मांडीवर पडला. पुन्हा उचलला. या खेपेला तो डोळ्यापर्यंत पोचला आणि त्यांनी एका बोटानं आपली पापणी वर सारून धरली. त्या उघड्या डोळ्यानं त्या सरांकडे बघत राहिल्या. हात गळायला लागला होता, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही, आणि आमच्यापैकी कुणी त्यांना घ्या म्हणालं नाही.